डोंगरावरून माहेर

गेल्या वर्षी आमची लेक ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर आल्प्समध्ये डोंगर चढून आली. यंदा मे महिन्यात बेळगावजवळच्या आमच्या गावी आल्यावर तिनं आजीला मोबाइलवर फोटो दाखवले. माझ्या आईनं ते एकेक नीट बघितले आणि म्हणाली, "इमानात बसून एवढ्या लांब जाऊन डोंगरच चढलीस व्हय? मग माझ्या माहेरच्या वाटंनं चल की."

आईचं माहेर खानापूरच्या जंगलाकडेला, आमच्या गावामागच्या डोंगराच्या पलीकडं. चालत तीन तास, गाडीनं वळसा घालून दीड. पण सहा वर्षं ती तिकडं फिरकली नव्हती. सहा वर्षांपूर्वीच्या जत्रेला मामानं नुसता फोन केला, "बसनं ये गं." आमच्याकडं बहिणीला न्यायला भाऊ स्वतः येतो. आईला ते फार लागलं. "न्यायला आल्याबिगर मी जायाची न्हाय," म्हणाली. मामाही तिचाच भाऊ. "सोताच्या घराला आवतण कशाला लागतंय?" म्हणून तोही अडून बसला. दोघंही सत्तरी ओलांडलेली आणि हट्ट मात्र बालवाडीतला. मला दोघांचाही राग यायचा. त्यामुळं वाटेचं नाव तिनंच काढल्यावर मी डोंगराचा कंटाळा गिळला आणि लगेच हो म्हटलं.

तिची अट एकच होती, मामाला आधी कळवायचं नाही. मी पडलो घाबरट. घरी कोणी नसलं तर काय, म्हणून आदल्या दिवशी मामाच्या सुनेला गुपचूप फोन करून सांगितलं, "आई उद्या येतेय." चालत येतेय, हे सांगायचं राहून गेलं.

ऊन तापायच्या आत गावातून निघालो. लेकीच्या पायात जाडजूड बूट, हातात दोन काठ्या. आईच्या पायात बेळगावच्या खडेबाजारातल्या साध्या चपला. तरी पुढं आईच. ती थांबायची ती दमून नाही, करवंदं दिसली म्हणून. मागून मी धापा टाकत आणि बायको मला हसत. खिंडीत वारा छान होता. तिथं बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. खूप दिवसांनी एवढ्या चवीनं जेवलो.

उठताना आईनं माझ्याकडं न बघता विचारलं, "दारात तरी घेईल न्हवं रं त्यो?"

"न घेऊन सांगतो कुणाला," मी म्हटलं. पण मलाही धास्ती वाटत होती.

मामाच्या दाराला कुलूप होतं. आई कट्ट्यावर बसली. "कळलं असंल त्याला," एवढंच म्हणाली. मला फोन केल्याची लाज वाटली. आपणच हिचं माहेर तोडलं असं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या काकू बाहेर आल्या. "आक्का, तुम्ही हितं कशा? अण्णा तर सगळ्यास्नी गाडीत घालून तुमास्नी आणाय गेल्यात."

काकूंनी दिलेला चहाही आईनं घेतला नाही. तासाभरानं गाडी आली. आमच्या गावात आम्ही निघाल्याचं कळल्यावर मामा तसाच उलटा फिरला होता. परीटघडीचं धोतर, घामानं भिजलेली टोपी.

"चालत कशाला आलीस गं?"

"तू येशील असं वाटलं न्हाय."

मामानं कुलूप काढलं. आई उठली, पण दाराकडं गेली नाही. सरळ गाडीत जाऊन बसली. "वेशीपतोर चल," ती मामाला म्हणाली. "आन् तितनं मला आण."

लेक हसायला लागली. मामा हसला नाही. तो आईशेजारी जाऊन बसला, गाडी वेशीपर्यंत गेली आणि वळली. तोवर सून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. गाडी दारात थांबल्यावर मामा आधी उतरला आणि आईच्या बाजूचं दार उघडून त्यानं तिला हात दिला.