ओरखड्याचा वाढलेला घेर

नर्मदेवरच्या धरणाच्या बुडिताच्या पाण्यात माझी प्रवासी नेणारी फायबरची बोट एका बुडालेल्या खोडावर घासली आणि तळाला वीतभर ओरखडा पडला. दुरुस्तीला तळोद्याहून गाड्यांचे बंपर सांधणारा कारागीर आला. त्यानं ग्राइंडरनं ओरखड्याचा घेर ताटाएवढा केला. हा मुद्दाम काम वाढवतोय, असं मला वाटलं.

"इतलासा ओरखडा, इतला मोठा कसाले करी ऱ्हायना?" मी विचारलं.

"हात लाई देखा भाऊ, मझार पानी शे," तो म्हणाला.

फायबरच्या आतली काचतंतूंची जाळी खरंच ओली लागली. चार दिवस ती उन्हात वाळल्यावरच त्यानं रेझिनचा चिकट लेप लावून नवी जाळी बसवली. मी शेजारून हललो नाही. बोट पाण्यात उतरवल्यावर पाणी झिरपतंय का कळावं म्हणून आतून त्या जागी फडकं अंथरलं. ते आठवडाभर कोरडंच राहिलं, तरी प्रवासी चढण्याआधी मी रोज ते उचलून चाचपायचो.