मधमाशीचं काम

सकाळी गच्चीचे जिने चढताना हल्ली गुडघे कुरकुरतात, पण जावंच लागतं. उन्हं चढली की तांबड्या भोपळ्याची फुलं मिटतात. त्याआधी नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला परागाचा दांडा मादी फुलात हलक्या हाताने फिरवायचा. तिच्या देठाशी सुपारीएवढा भोपळा आधीच वाट पाहत असतो. कुणी आलंच नाही, तर तो पिवळा पडून गळतो.

पूर्वी हे काम मधमाश्या करायच्या. पाण्याच्या टाकीखाली त्यांचं पोळं होतं. शेजारच्या काकूंना भीती वाटायची, म्हणून सोसायटीने फवारणीवाला बोलावून ते काढलं. तेव्हापासून मीच मधमाशी झालेय, बिनपंखांची आणि दमलेली.

वेलीने बोलवायचं, माशीने यायचं, दोघींचंही भागायचं. त्यात कष्ट असे कुणालाच वाटत नसावेत. मी मात्र चार फुलांत थकते, आणि मला मधही मिळत नाही.

आज वाकून पाहिलं, तर एका फुलाच्या तळाशी खरीखुरी माशी परागात लोळत होती. तिचं काम तिच्यावर सोपवून मी कट्ट्यावर टेकले.

"काय गुणगुणतंय हो?" कपडे वाळत घालता घालता काकूंनी विचारलं. "परत आल्या की काय? बोलवू त्या माणसाला?"

"छे हो, मीच गुणगुणत होते," मी म्हटलं. मग उठून फुलासमोर उभी राहिले, आणि काकू खाली जाईपर्यंत खरंच गुणगुणत राहिले.