आत्याआजीला दिसणारी दुसरी मुलगी

आत्याआजी आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी सातवीत होते. ती आईच्या वडिलांची बहीण, जन्म तंजावरचा, आणि तिची मराठीही तिथलीच, जुन्या वळणाची. आईनं शहराबाहेर ओरगडमच्या एका कारखान्यातल्या कोरियन इंजिनियरशी लग्न केलं, तेव्हापासून आत्याआजीनं आमचा उंबरठा ओलांडला नव्हता. आता तिचा मुलगा परदेशी गेला होता, आठवण विरत चालली होती आणि सांभाळणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

अण्णा नगरच्या आमच्या फ्लॅटमधली हॉललगतची खोली तिला दिली. पहिल्याच दुपारी मी शाळेतून आले आणि दारात बूट काढत होते. तिनं पलंगावरून आधी माझ्याकडे, मग माझ्या खांद्यामागे पाहिलं.

"या गे दोघी. उन्हातून आलात, बसा."

मी मागे वळले. जिना रिकामा होता.

"तिची नजर गेलीय," आई म्हणाली, "मनावर घेऊ नकोस." पण तांदळातला बारीक खडा ती अजून अचूक वेचत होती.

मग रोजच तसं होऊ लागलं. मी पलंगावर बसले की माझ्या शेजारी अजून एक जागा ती सोडायची. दहीभाताचा एक घास माझ्या तळहातावर ठेवायची, दुसरा थोडा पलीकडे धरायची आणि हात अवघडेपर्यंत धरूनच राहायची.

"ती बोलत कां नाही?" एकदा तिनं मला विचारलं.

"दिसते कशी?"

"तुझ्यासारखीच गे. पण आपलं बोलणं तिला कळत नाही. नुसती बघत राहते, बापडी."

शाळेत मुली मला 'चायना' म्हणायच्या. मी त्यांना तमिळमध्ये चोख उत्तर द्यायची आणि घरी येईपर्यंत विसरायची. हे मात्र विसरता येईना. मी आरशात बघायचं सोडलं. वेणी चाचपडत घालू लागले. दुपारी पलंगावर बसताना माझ्या शेजारची चादर कधी कधी किंचित कोमट लागायची. माझाच हात तिथं टेकला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालायची.

एका रविवारी मी अप्पांना गाठलं. वडिलांसाठी अप्पा ही हाक तमिळमध्येही चालते आणि कोरियनमध्येही, त्यामुळे ते नक्की कुठले हे मला लहानपणी कधी विचारावंच लागलं नव्हतं. घरात ते मोडकीतोडकी तमिळ बोलायचे. त्यांची स्वतःची भाषा फक्त फोनवर, त्यांच्या आईशी, बाल्कनीचं दार लावून.

"मला तुमची भाषा शिकवा," मी म्हणाले.

"तुझ्या डोक्यात आधीच तीन भाषा आहेत. चौथी कुणाशी बोलणार?"

"आत्याआजीच्या खोलीत एक मुलगी असते. तिला आपलं बोलणं कळत नाही."

मला वाटलं ते हसतील. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग मोठ्या माणसाला 'जेवलात का' कसं विचारायचं, ते त्यांनी मला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी पलंगावर बसून मी ते वाक्य म्हटलं. आत्याआजीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून ती प्रसन्न हसली.

"जेवले गे बाळ. तू जेवलीस?"

दारात अप्पा उभे होते. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते भिंतीला टेकून तिथंच खाली बसले.

त्यानंतर 'ती बोलत का नाही' हे तिनं कधी विचारलं नाही. अप्पा मला रोज शिकवू लागले आणि मी रोज दुपारी तिच्याशी मराठीत आणि कोरियनमध्ये बोलायची. कधी कधी माझाच आवाज मला शेजारून आल्यासारखा वाटायचा. हळूहळू त्याची भीती गेली. पुरती गेली असं आजही म्हणवत नाही.

मे महिन्यात, तमिळमध्ये ज्याला कत्तिरी म्हणतात त्या ऐन रणरणत्या उन्हात आत्याआजी गेली. नातलग यायचे होते. पंखा गरम हवा फिरवत होता. अप्पा तिच्या उशाशी जमिनीवर बसले आणि कोरियनमध्ये हळू आवाजात काहीतरी बोलू लागले. तिच्याशी थेट बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

"काय म्हणतायत?" आईनं मला विचारलं.

"आजी, वाटेत थंडी असेल, सांभाळून जा, म्हणतायत."

आईनं डोळे पुसले. आतल्या कपाटाच्या तळातून तिनं एक लोकरीची शाल काढली, झटकली आणि आत्याआजीच्या पायांवर पांघरली.