बिल मी देते

मे महिन्यातला दुसरा रविवार. ठिकाण: कडावचं आमचं घर. हजर: मी, माझा नवरा, आमची मुलगी, सासूबाई, आणि रसायनीहून आलेल्या नणंदबाई त्यांच्या दोन मुलांसह, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. गैरहजर: नणंदबाईंचे यजमान. त्यांना कारखान्यातून सुट्टी नव्हती. न्यायला येणार होते.

ही हजेरी मी दरवर्षी दारातच घेते. तांदूळ किती काढायचे, गाद्या किती उन्हात टाकायच्या, दूध कुणाकडून वाढवून घ्यायचं, हे सगळं त्यावर ठरतं. कर्जतला एका पतपेढीत मी बरीच वर्षं नोकरी करते. काम समोर आलं की त्याचे तुकडे करून कागदावर उतरवायचे, ही तिथलीच सवय.

त्या रविवारी माझ्या डोक्यात दोनच कलमं होती. एक: ही मंडळी दरवर्षी यायलाच हवीत. आमची मुलगी एकटी आहे. आळीत तिच्या वयाचं कुणी नाही. एप्रिल लागला की ती तिच्या कपाटातला एक कप्पा आत्याच्या मुलांसाठी रिकामा करते आणि मुलं गेल्यावरही बरेच दिवस त्यात काही ठेवत नाही. तिला भावंडं आहेत ती फक्त मे महिन्यात.

दोन: त्यांच्या येण्याने आमचा जून खाल्ला जाऊ नये. जून म्हणजे पुस्तकं, गणवेश, रेनकोट, भाताचं बियाणं आणि त्यामागून लगेच आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, माणसांची मजुरी. मागच्या वर्षी मजुरी द्यायला मी माझी ठेव मुदतीआधी मोडली. पतपेढीतल्या बाईने स्वतःची ठेव मोडायची म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या बाईकडून कागदावर सही घ्यायची. तिने फक्त चष्मा वर केला.

म्हणून या वर्षी नवऱ्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. बाहेर एकदाच जायचं, वॉटरपार्कला. बाकी दिवस घरी. ताडगोळे, करवंदं, आंबे, एखाद दिवस गावठी कोंबडी.

"एकदाच हां," मी म्हणाले.

"हो गं बाई, एकदाच. लिवून घे पायजे तर."

लिहून घेतलं नाही, तेवढं चुकलं.

वॉटरपार्क खालापूरच्या बाजूला, हायवेवर. तिकिटं मी आधी विचारून ठेवली होती. पण तिकीट म्हणजे नुसता दरवाजा. आत नायलॉनचे कपडे भाड्याने, कपाट भाड्याने, जेवणाचं कूपन वेगळं. मुलं घसरगुंडीवरून येताना कुणीतरी फोटो काढले होते, ते चौकटीत घालूनच मिळणार होते. नवरा सगळीकडे खिशात हात घालून पुढे. खोपोलीच्या कारखान्यात हा माणूस डबा नेतो, कँटीनचा चहासुद्धा मोजून पितो. बहीण समोर आली की त्याचा हात सैल सुटतो. मुलं मात्र खूश होती, ते मी नाकारणार नाही. आमची मुलगी त्या लाटांच्या तलावात एवढ्या मोठ्याने ओरडत होती की मला तो आवाज तिचा वाटेना.

मी कठड्याशी पिशव्या राखत बसले होते. बसले म्हणजे काय, उठत होते, पिशव्या मोजत होते, पुन्हा बसत होते.

जेवणाच्या काउंटरवर बहीणभावाची ओढाताण सुरू झाली.

"दादा, बिल मी देते."

"वेडी का काय तू? माहेरी आलीस."

"दरवेळी तूच काय? ठेव ते पाकीट आत."

"बाजूला हो गं, लोकं बघतात."

नवरा जिंकला. नणंदबाई हसल्या, पण परतीच्या वाटेवर गाडीत गप्प होत्या. मला वाटलं, दमल्या असतील.

दोन दिवसांनी आमच्या दारात टेंपो उभा राहिला. त्यातून कूलर उतरला. चांगला माणसाच्या छातीएवढा. नणंदबाईंनी कर्जतच्या दुकानातून सासूबाईंसाठी घेतला होता, हप्त्यावर.

"आईला उकडतं ना," त्या म्हणाल्या. "मी काय परकी हाय?"

सासूबाई कूलरभोवती फिरल्या, त्याला हात लावून पाहिला. चालू केल्यावर थोडा वेळ समोर बसल्या आणि मग पदर डोक्यावर घेतला. "गार लागतंय गं. गुडघं धरतील माजं." पण बंद करू देईनात. लेकीने आणलेला होता.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा त्या चुलीपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लेकीनं कूलर दिला. आन तुमी तिला नुसती ओटी भरून लावनार? आळीतली लोकं काय म्हंतील?"

"आई, आपलं ठरलंय..."

"ठरलंय ते ठरू दे. माजी लेक हाय ती."

त्या रात्रीच्या जेवणातच नवऱ्याने माथेरान जाहीर केलं. माझ्याकडे न बघता. भाड्याची गाडी, वर घोडे, जेवण, चप्पल आणि चिक्की. माथेरानहून आल्यावर नणंदबाई मला कर्जतच्या बाजारात घेऊन गेल्या आणि मी नको नको म्हणत असताना एक साडी माझ्या हातात कोंबली. साडी सुंदर होती, मोरपंखी. ती पिशवी घरी आणताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं: आता हिच्या मुलांचे कपडे, आणि ते साडीहून कमी नकोत.

असं ते चाललं होतं. एका बाजूने चेंडू गेला की दुसऱ्या बाजूने अधिक जोरात परत. थांबवायचं कुणी, हा प्रश्न होता. नवरा थांबवणार नव्हता, भाऊ होता. सासूबाई थांबवणार नव्हत्या, आई होत्या. मी थांबवू शकत नव्हते, कारण मी भावजय. आमच्याकडे भावजयीने नणंदेला "खर्च नको" म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो, "येऊ नका". मग पुढचं सगळं गाव बोलतं.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. पापड वाळत घालायचे, काढायचे, पुन्हा तेच मोजायचे. कपाट आवरलं. आवरलेलं कपाट परत आवरलं. नवरा म्हणाला, "सुट्टी घेतलीस ना? मग जरा बस की." मी त्याला विचारलं, जूनचं काय? तो म्हणाला, "बघू गं. तिच्यासमोर तोंड नको पाडू."

मग ती दुपार. जेवणं झाली होती, सासूबाई आडव्या झाल्या होत्या. मी मागच्या पडवीत चिंचा फोडत होते आणि आतल्या खोलीत मुलं हॉटेल-हॉटेल खेळत होती. दार उघडं होतं. धाकटा वेटर होता, खांद्यावर पंचा. दोघी मुली गिऱ्हाईकं. खाऊन झालं आणि धाकट्याने कागद आणून ठेवला.

"बिल मी देते," त्याची बहीण म्हणाली.

"वेडी का काय तू? माहेरी आलीस!" आमची मुलगी. आवाज अगदी बापाचा.

दोघी कागद ओढू लागल्या. धाकटा खिदळत होता. मीही हसले. मुलं नक्कल करणारच.

मग माझी मुलगी वळली, भिंतीकडे तोंड केलं आणि दबक्या, चिडक्या आवाजात म्हणाली, "आता जूनचं काय? हळू बोला, वन्स ऐकतील."

हा माझा आवाज होता. माझ्या हातातली चिंच तशीच राहिली.

आणि तेवढ्यात नणंदबाईंची मुलगीही दुसऱ्या भिंतीकडे वळली. डोक्यावर ओढणी घेतली, आणि कानाला हात लावून फोनवर बोलल्यासारखी म्हणाली, "हो, कळतंय मला. ओव्हरटाइम बंद हाय ते. पण दादासमोर मी भिकाऱ्यासारखी राहू का? नंतरचं नंतर बघू."

धाकटा कंटाळला. "आता मी गिऱ्हाईक," म्हणाला.

पाठीमागे आवाज झाला म्हणून मी वळले. पडवीच्या पायरीवर नणंदबाई उभ्या होत्या, धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन. त्यांनी किती ऐकलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. मी ऐकलं होतं तेवढंच.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग त्या बादली घेऊन वाळवणाच्या दोरीकडे गेल्या. मीही चिमटे घेऊन मागे गेले. हेच ते, मला वाटलं. आताच बोलायचं. शब्दसुद्धा जुळवले होते: वन्स, तुम्ही या, महिनाभर राहा, पण हातात काही आणू नका आणि आम्हीही काही करणार नाही.

"वन्स," मी म्हणाले, "पुढच्या वर्षी..."

त्यांनी ओला टॉवेल झटकला. "पुढच्या वर्षी नको येऊ म्हंता ना? कळलं मला, वहिनी." हसत म्हणाल्या. पण ओठच हसत होते.

"छे हो! तसं कुठे म्हणाले मी?"

"मग काय म्हंत होता?"

मी दोरीकडे बघितलं, चिमट्यांकडे बघितलं. "पुढच्या वर्षी कलमाला आंबा जास्त धरेल, असं म्हणत होते."

"धरेल की," त्या म्हणाल्या. "या वर्षी मोहर गळाला."

आंब्यावर आम्ही बराच वेळ बोललो. इतका वेळ आंब्यावर मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन.

शेवटच्या दिवशी नणंदबाईंचे यजमान मोटारसायकल घेऊन आले. सामान रिक्षात, माणसं रिक्षात, ते पुढे. निघताना आमच्याकडे मुलांच्या हातात खाऊचे पैसे ठेवायची रीत आहे. मी दोन पाकिटं तयार ठेवली होती, दोन्हींत सारखी रक्कम आणि वर एकेक रुपया. मुलांच्या हातात दिली. नणंदबाईंनी आमच्या मुलीच्या हातात एकच पाकीट दिलं. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मुलीने ते उघडलं.

माझ्या दोन पाकिटांची मिळून जेवढी रक्कम होती, तेवढी त्या एकात होती. त्यांची मुलं दोन, माझी एक. त्यांनी ते आधीच धरलं होतं. माझी पाकिटं फोडून पाहिल्याशिवाय, मी किती घालेन हा अंदाज बांधून, दुप्पट घातली होती, म्हणजे एकमेकींवर काही राहायला नको. पाकीट उलटं केलं तर वरचा रुपयाही एक नव्हता, दोन होते.

मी ओटीवर उभी राहून ती दोन नाणी बघत होते. एवढी वर्षं मला वाटायचं, या घरात हिशोब करणारी मी एकटीच. माझ्यासारखीच बाई तिकडे रसायनीत बसून, माझ्यासारखीच, मला कमी पडू नये म्हणून स्वतःचा जून खात होती.

"बघ," नवरा म्हणाला, "किती दिलदार हाय माजी बहीण."

मी नाणी पाकिटात परत टाकली. गाद्या आत घ्यायच्या होत्या.

आता शाळा सुरू झाली आहे. रेनकोट मागच्या वर्षीचाच, बाह्या आखूड झाल्यात तरी. बियाणं आणलं. मजुरीसाठी काय करायचं ते ठरलंय, म्हणजे पुन्हा शेजारच्या टेबलावर जायचंय. कूलर ओटीवर आहे, त्याच्यावर चादर आणि चादरीवर पापडांचा डबा.

गेल्या आठवड्यात मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "आई, ताईचा फोन आला होता बाबांच्या मोबाइलवर. ती म्हणाली, पुढच्या वर्षी आत्या नाय येनार कदाचित."

"का?"

"आत्या तिला म्हणाली, मामीला खर्चात नको पाडायला." तिने दप्तराची चेन ओढली. "मग मी कप्पा भरू का?"

"कुठला कप्पा?"

तिला माहीत होतं की मला माहीत आहे.

"नको भरूस," मी म्हणाले.

त्या दिवशी कामांच्या कागदावर मी लिहिलं: वन्सना फोन. त्याच्याखाली गॅस, वीजबिल, आवणीच्या माणसांना निरोप. खालची तिन्ही कामं झाली, त्यांच्यावर रेघ मारली. मग नवा कागद. त्यावरही पहिलं तेच. रसायनी काही परदेश नाही, मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता आहे. प्रत्यक्ष जाऊन बोलता येईल. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? आणि काही घेऊन गेले तर तेच पुन्हा सुरू.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन हातात घेतला. पहिलं वाक्य काय, हे ठरवलं: वन्स, आंब्याबद्दल मी खोटं बोलले. नंबर काढला. समोर एक म्हातारे गृहस्थ पासबुक घेऊन आले. त्यांचं काम केलं. मग आणखी एकांचं. मग सुट्टी संपली.

आज सकाळी कागदावर पुन्हा लिहिलंय. कप्पा अजून रिकामा आहे. फोन करायचा राहिलाय.