यादीत नसलेला दवाखाना

आमच्या विसरवाडीच्या व्यापारी घरांत मोठी गोष्ट घ्यायची तर सुरतेलाच जायचे, असा रिवाज आहे. लग्नाच्या साड्या सुरतेच्या, सोने सुरतेचे, आणि दुखणे जरा वाढले की डॉक्टरही सुरतेचाच. त्यामुळे आरोग्य विम्याचा एजंट आमच्या हार्डवेअरच्या दुकानात आला, तेव्हा माझ्या नवऱ्याने एकच गोष्ट विचारली, सुरतेचा तो मोठा दवाखाना विम्याचे कार्ड चालणाऱ्या दवाखान्यांच्या यादीत आहे का. आहे म्हटल्यावर यांनी लगेच सही केली. यादी छोटी म्हणून हप्ता थोडा कमी होता, आणि तेवढ्यावर हे स्वतःला शहाणे समजत होते. आपल्या जिल्ह्याचे पान उघडून बघायचे यांनाही सुचले नाही आणि मलाही नाही. एरवी मी खिळ्यांचा पुडासुद्धा फोडून बघते.

एका बाजाराच्या दिवशी सकाळी शटर वर करतानाच यांच्या छातीत कळ आली. सदरा घामाने चिंब झाला. मी कार्डावरचा नंबर लावला. पलीकडच्या मुलीने पिनकोड विचारला, थांबायला सांगितले आणि यादीतले जवळचे दोन दवाखाने सांगितले. एक डोळ्यांचा, दुसरा बाळंतपणाचा. माझ्या नवऱ्याला यातला कुठला चालेल ते तूच सांग बाई, असे मी तिला म्हटले. ती बिचारी माफी मागत राहिली. हृदयासाठी सुरतच, म्हणाली.

मग काय, सुरत. समोरच्या स्टँडवर एक जीपवाला असायचा, मूळचा मोलगीकडचा. आमच्या दुकानाचा माल तोच पोहोचवायचा. त्याने यांना मागच्या सीटवर आडवे केले, मी डोके मांडीवर घेतले आणि आम्ही निघालो. सुरत गाठायला अडीच-तीन तास तरी लागणार होते. हे तेवढा वेळ काढतील का, एवढेच माझ्या डोक्यात चालले होते. यांचे ओठ पांढरे पडत होते, तरी पुटपुटणे चालूच होते, सुरतलाच चल, कार्ड तिथेच चालते.

वाटेत नवापूरला जीपवाल्याने हायवे सोडून गाडी गावात घातली. मी ओरडलेच. कोणी सांगितले तुला, अक्कल गहाण टाकलीस का, इथे आमचे कार्ड चालत नाही, तोंडाला येईल ते बोलले. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. एका लहानशा दवाखान्याच्या दारात गाडी लावली आणि यांना उचलूनच आत नेले.

डॉक्टर पन्नाशीचे होते, पायात रबरी चप्पल. मी कार्ड पुढे केले आणि तुमचा दवाखाना यादीत नाही हेही रडत रडत सांगून टाकले. यांच्या छातीला वायरी लावता लावता ते म्हणाले, "कागद मंग देखसूत, ताई. आधी मानूस देखसूत."

कार्डिओग्रामची पट्टी बघून त्यांनी रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन सुरू केले. पैसे आधी भरा, असे तिथे कोणीही म्हटले नाही. तासाभराने यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला आणि मी बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सने आम्ही सुरतेला गेलो. कार्ड चालले, पुढचे सगळे नीट पार पडले. तिथले डॉक्टर म्हणाले, वाटेत ते इंजेक्शन मिळाले नसते तर हे सुरतेपर्यंत पोहोचलेच नसते.

नवापूरच्या बिलासाठी विमा कंपनीने चार वेळा कागद मागवले आणि यादीबाहेरचा दवाखाना म्हणून काही भाग कापलाच. मी फोनवर त्यांना चांगले ऐकवले. पण राग काही फार दिवस टिकला नाही. समोर बसून हे बिनसाखरेच्या चहाबद्दल कुरकुर करत होते, आणि ती कुरकुर ऐकायला मिळते आहे याचाच मला इतका आनंद होत होता की मी मुद्दाम आणखी फिका चहा करायचे. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

जीपवाल्याचे तर त्याहून नाही. महिन्याभराने मी त्याच्या घरच्यांसाठी कपडे आणि मिठाई घेऊन स्टँडवर गेले. त्या दिवशी नाही नाही ते बोलले त्याची आधी माफी मागितली. तो टायर तपासत होता, हसला नुसता. त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी गेला हे आम्हाला ठाऊक होते, कसा गेला ते मात्र आमच्यापैकी कोणी कधी विचारले नव्हते. मी त्याला म्हटले, हे सुरत सुरत म्हणत होते, मी शिव्या घालत होते, तरी तू कोणाला न विचारता गाडी वळवलीस कशी?

तो उठला. हात फडक्याला पुसत खाली बघून म्हणाला, "मन्हा बापबी लांबना दवाखानालेच चाल म्हणे, भाभी. कार्ड तठेच चालस म्हणीसन. तवय मी त्यान्हं ऐकं व्हतं."