राबात न गेलेली पानं

बुरशी म्हटलं की आमच्या घरात सगळे नाकं मुरडतात. माझा मात्र पाच वर्षं तिच्याशीच संसार चालला होता. पनवेलच्या कॉलेजात बॉटनी शिकवायची आणि उरलेल्या वेळात कुजक्या पानांवरच्या, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या बुरश्यांची वर्गवारी लावायची. चाळिशीत पीएचडी! हौसेला मोल नाही.

त्या हिवाळ्यात नेऱ्याजवळच्या एका शेताच्या कडेला, ऐनाच्या झाडाखालून उचललेल्या पानावर अशी बुरशी मिळाली की मी खुर्चीवरून उठलेच. बीजाणू पाच कप्प्यांचा, टोकाला दोन केस, एक लांब, एक आखूड. सगळी पुस्तकं पालथी घातली, कुठेच बसेना. नवी जात! पण प्रयोगशाळेत माइट नावाचे बारीक किडे शिरले आणि काचेच्या बशांत वाढवलेली माझी सगळी बुरशी फस्त करून गेले. उरली एक स्लाइड. मार्गदर्शक सर म्हणाले, "एका स्लाइडवर नवी जात जाहीर करता येत नाही. पुन्हा शोधा, नाहीतर प्रबंधातून काढा."

काढा म्हणे! एप्रिलअखेर सकाळीच स्कूटरवरून नेरे गाठलं. झाडाखाली एक पान नाही. शेतात शेण, त्यावर पालापाचोळा, त्यावर माती असा राब रचून तयार. भाताची रोपं करायची ती जागा पावसाआधी अशी भाजून घेतात. शेताच्या मालकीणबाई काडेपेटी घेऊन उभ्या.

"काकी, थांबा!" मी बांधावरूनच ओरडले.

त्यांना वाटलं, साप निघाला. धापा टाकत मी सगळं सांगितलं.

"बुरशी? ती तं आमच्या पापडावर पन येते."

"ही वेगळी आहे हो. अजून कुणी नोंदलेली नाही."

"आनी माजा राब? नाय भाजला तं रोपाच्या आदी तन उगवंल. वारं पडलंय, आजच जालायला पायजे."

त्यांचं खरंच होतं. मला रडू आलं, आणि आलं म्हणून स्वतःचाच रागही आला. काकींनी काडेपेटी कमरेला खोचली.

"रडू नको, बाय. तुजी पानं कंची? सुकी का कुजकी?"

"कुजकी. काळी पडलेली, ओलसर."

"मंग राबान कशाला शोधतेस? वला पाला पेटत नाय, नुसता धूर. तो मी घालतंच नाय."

झाडून काढतानाच त्या कुजकं वेगळं काढायच्या आणि बांधापलीकडच्या खड्ड्यात खताला टाकायच्या. पाच वर्षं मी अशा शेतांच्या कडेची पानं गोळा करत होते, पण झाडलेला पाला जातो कुठे हे एकदाही विचारलं नव्हतं. शिकलेल्या माणसाची अक्कल, दुसरं काय!

आम्ही दोघी खड्ड्यापाशी बसलो. ऐनाचं पान काकी बोटांनी चाचपून ओळखत आणि माझ्याकडे देत. मी ते कागदी पिशवीत घालत होते. पिशव्या भरल्यावर त्यांनी राब पेटवला.

पानं ओल्या टिपकागदावर ठेवली. रोज पाहायचे, रोज भलत्याच बुरश्या. विसाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाच कप्पे दिसले. टोक पाहिलं, दोन केस! एक लांब, एक आखूड. एका पानावर नाही, सात पानांवर. मी वेड्यासारखी हसत सुटले. सरांच्याही आधी फोन केला काकींना.

"काकी, सापडली!"

"गावली? बरा झाला, बाय. मंग पुढल्या सालाला झाडू लावायच्या आदी तुला बोलवीन. पयलं तुजं येचून घे, मंग माजं."