पिवळ्या मडगार्डचा पायलट

शालिनी वहिनींचा फोन आला तेव्हा मी पावाचा तुकडा भाजीत बुडवत होतो. "हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. तो तुकडा मी खाल्ला, खोटं कशाला सांगू? हात आपोआप तोंडाकडे गेला... चव मात्र काही आठवत नाही.

आता महिना उलटलाय. वहिनींचा नवरा, माझा मित्र उल्हास, डिचोलीच्या बाजारात चष्मे विकायचा. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत जुन्या मोटारसायकली, एकेक वीतभरसुद्धा लांब नसलेली. परदेशातून प्लास्टिकच्या सुट्या भागांचे खोके मागवायचे आणि खोक्यावरच्या चित्राप्रमाणे काही म्हणून करायचं नाही, हा त्याचा धर्म. खोक्यातल्या साहेबी गाडीची टाकी कापायची, लांबीची पुट्टी भरून फुगवायची, चाकांना गरीच्या दोरीचे स्पोक लावायचे, सीटवर फाटक्या छत्रीचं कापड ताणायचं, की झाली गावातल्या कुणाची तरी बुलेट. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असायचा, पडली खंय होती? मालक लाजत लाजत कारापूरचं एखादं वळण सांगायचा आणि टाकीला बरोबर तिथे पोचा यायचा. मी स्वतःला या कारखान्याचा मॅनेजर म्हणवून घ्यायचो. काम काही नव्हतं. एकदा शिंकलो तेवढा, तर तांदळाच्या कणीएवढा ब्रेकचा दांडा उडाला आणि आम्ही दोघे पन्नाशीचे बाप्ये टेबलाखाली रांगू लागलो. वहिनी चहा घेऊन आल्या, आमच्याकडे बघितलं आणि कप जमिनीवरच ठेवून गेल्या.

त्याचं शेवटचं काम हळर्णच्या गुरुदासचं. गुरुदासला त्याच्या वारलेल्या वडिलांची बुलेट हवी होती. वडील पेडण्याच्या स्टँडवर पायलट. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे मोटारसायकलवर मागे बसवून भाडं नेतो तो पायलट, आणि पुढचं पिवळं मडगार्ड ही त्याची खूण. हे कोल्हापूरला कुठून ठाऊक असणार? गुरुदासच्या मुलीला तिथलं स्थळ आलं. बोलता बोलता हा म्हणाला, आमचे बाबा पायलट होते. होणाऱ्या व्याह्यांनी आदराने विचारलं, विमान कुठल्या कंपनीचं? तिथल्या तिथे खुलासा करायचा, तर या बाबाने नुसतं हसून पोहे पुढे केले. तेव्हापासून आजोबा हवेतच.

मग तो दुकानात आला. मडगार्ड काळं कर म्हणाला. उल्हासने चष्मा कपाळावर चढवला.

"काळें करतां. पण मगीर ती तुझ्या बापायची न्हय, खंयच्याय दोतोराची." म्हणजे कुठल्यातरी डॉक्टरची.

गुरुदास तरातरा निघून गेला. मी उल्हासला म्हटलं, मार काळं आणि हो मोकळा. त्याने बाकी सगळी गाडी पुरी केली, मडगार्ड तेवढं करडंच ठेवलं. येतलो तो, म्हणाला. त्याच आठवड्यात छातीत कळ आली आणि हा गेला.

परवा दुपारी मी वहिनींबरोबर त्या खोलीत आवराआवर करत असताना गुरुदास आला. गाडीवर वाकून त्याने करडं मडगार्ड बघितलं. वहिनींनी काळ्या आणि पिवळ्या रंगाच्या बाटल्या पुढ्यात ठेवल्या. दोन्ही सीलबंद. त्याने मला विचारलं, तुमी मारतलात? मी दोन्ही हात वर केले. शेवटी तो स्वतःच उल्हासच्या खुर्चीत बसला आणि त्याने पिवळी उघडली. रंग बसत गेला.

"भाडें मेळ्ळें जाल्यार म्हाका टाकयेर बसयतालो बाबा," तो मान वर न करता, मोकळ्या बोटाने टाकी दाखवत म्हणाला, "आनी तशेंच शाळेंत पावयतालो."

व्याही कधी येणार, वहिनींनी विचारलं. आजच, सांजेक. त्यांना सांगितलंस?

"ना. ही दर्शनी कपाटांत दवरतां. विचारतले मगे."

सांज व्हायला कितीसा वेळ! रंग लवकर वाळावा म्हणून मी उठून पंख्याच्या बटणाला हात लावला.

"पंखो नाका, भावजी," वहिनी म्हणाल्या. "ओल्या रंगार धूळ बसता. हे केन्नाच लावंक दिनासले."

मी हात मागे घेतला. मग आम्ही तिघे घामाने निथळत बसलो, त्या बोटभर पिवळ्याकडे बघत... आणि श्वासही बेताने सोडत.